एक हॉर्न आमेन, दोन हॉर्न चित्र धूसर

बेकर्स बेंड, नेब्रास्का
मे महिन्यातला तिसरा सोमवार, कपडे वाळत घालून झाल्यावर

माझ्या एकुलत्या एका, आणि म्हणून नाइलाजाने सगळ्यात लाडक्या लुएलाताईस,

धाकट्या वेल्डाचा उभ्याउभ्याच नमस्कार. वाकून केला असता, पण मागच्या गुरुवारी मांजराची ताटली उचलायला वाकले ती शुक्रवारी सरळ झाले, तेव्हा आहे तो गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेने ते सुधारतील असं तुझा डॉक्टर म्हणाला होता, त्याला पाच वर्षं झाली. ते तरी सुधारले का डॉक्टरच बदललास? सुनेचं आणि तुझं बोलणं सुरू झालं का? माझ्या ऑरिनची, तू नेलेली तपकिरी खुर्ची कशी आहे? (सहज विचारलं.) मी इथे मजेत आहे. मजेत म्हणजे किती, तर सकाळी उठल्यावर आरशात बघून मलाच हसू येतं, आणि या वयात आरशात बघून हसू येणं वेगळ्या कारणानेही असू शकतं हे मला कळतं, पण हे कारण चांगलं आहे. अक्षराला हसू नकोस. तू दहावीपर्यंत गेलीस, मी आठवीत गायींकडे गेले. गायींनी मला कधी शुद्धलेखन विचारलं नाही.

तर ताई, तुझी बहीण आता गावातली मोठी असामी झाली आहे. खोटं वाटत असेल तर आपल्या उघड्यावरच्या सिनेमाच्या, मेडोलार्कच्या, फाटकावरचा फळा येऊन बघ. एरवी तिथे सिनेमाचं नाव असतं, सध्या माझं आहे, ‘वेल्डाने वाचवलं’, हातभर उंच अक्षरांत. सिनेमा चालवणाऱ्या डेल्मरकडच्या डब्यात व्ही सापडला नाही म्हणून त्याने ए उलटा टांगलाय, आणि त्याची मधली आडवी रेघ तशीच राहिलीय, त्यामुळे लांबून मी कंबरपट्टा बांधल्यासारखी दिसते. (मला चालेल. कंबर कुठे होती ते तरी लोकांना कळेल.) पोस्टात मला पुढे सोडतात. दुकानात अंडी फोडली तरी कोणी काही बोलत नाही. आणि या सगळ्यात मी नेमकं काय केलं, तर एकदा हॉर्न दाबला. पण ते असं एका ओळीत सांगण्यासारखं नाही, तेव्हा कॉफी करून घे आणि बस. खुर्चीत बसणार असशील तर तिच्या डाव्या हाताला जपून, तो ऑरिनने चिकटवलेला आहे.

तू गेलीस तेव्हा मेडोलार्क बरं चाललं होतं. म्हणजे शनिवारी पन्नास-साठ गाड्या यायच्या, समोर तो पांढरा पडदा, मागे मक्याचं शेत, गाड्यांची नाकं मातीच्या उंचवट्यांवर वर करून लोक बसलेले, आवाज गाडीच्या रेडिओवर. पूर्वीचा मालक वारला तेव्हा गावाने वर्गणी काढून मैदान घेतलं, घरटी एक हिस्सा, हे तुला आठवतच असेल, कारण तू वर्गणीला नाही म्हणाली होतीस आणि नंतर फुकट लाह्या खाल्ल्या होत्यास. पुढे काय झालं की सिनेमाची रिळं यायची बंद झाली. जगात आता रिळं करतच नाहीत म्हणे. सिनेमा एका डबीतून येतो, चष्म्याच्या घराएवढ्या, आणि ती डबी आपल्या जुन्या मशीनला कळत नाही. नवं मशीन घ्यायचं तर त्या किमतीत गावाला नवा रस्ता होईल. डेल्मर दोन उन्हाळे जिथून मिळतील तिथून जुनी रिळं आणून लावत राहिला. एक सिनेमा तर इतक्यांदा लावला की शेवटी गाड्यांत बसून लोक नटांच्या आधी बोलायला लागले, आणि गस पावेल्का तर नटापेक्षा चांगलं बोलतो. पण गाड्या पन्नासाच्या तीस झाल्या, तिसाच्या बारा. डेल्मर खाऊच्या खिडकीत उभा राहून चिलीचं पातेलं ढवळत राहायचा आणि उरलेले दालचिनीचे रोल मला घरी द्यायचा. माझं वजन वाढलंय ते मेडोलार्कच्या दुःखाने.

आता मध्येच चर्चचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. तू गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात चर्चचं छत बर्फाने खाली आलं. (आत कोणी नव्हतं. मंगळवार होता.) डेल्मरने रविवार सकाळपुरतं मैदान दिलं. पाद्री वेंडेल खाऊच्या दुकानाच्या छपरावर उभे राहतात, आम्ही गाड्यांत बसतो, प्रवचन रेडिओवर. ‘आमेन’ म्हणायचं असेल तर हॉर्न एकदा वाजवायचा. लोकांना हे इतकं आवडलं की छताचा निधी जमला तरी छत कोणी घातलं नाही. सपाता घालून, केस न विंचरता, मांडीवर न्याहारी घेऊन देवाला भेटता येतं, कोण सोडेल? आणि नाक वर करून लावलेल्या गाडीत मान मागे टेकली की झोप अशी लागते, ताई, की लाकडी बाकावर चाळीस वर्षं आपण काय भोगलं ते कळतं. फक्त एक घोळ होता. शनिवारच्या सिनेमाला आपल्याकडे पहिल्यापासून दोन हॉर्न म्हणजे ‘चित्र धूसर दिसतंय, मशीन बघ.’ एकदा प्रवचनात गसचा हात चुकून दोनदा पडला, तर डेल्मर सवयीने मशीनच्या खोलीकडे धावला, आणि पाद्री वेंडेल यांनी चष्मा काढून पुसला.

अशात मार्चमध्ये शहरातून एक टायवाला माणूस आला. त्याला मैदान विकत हवं होतं. तिथे तो पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा बांधणार, आणि लोकांनी आपापली अडगळ तिथे भाड्याने ठेवायची. अडगळीला भाडं! आपली आई हे ऐकून हसून मेली असती, बरं झालं आधीच गेली. माणूस वाईट नव्हता. घरोघर येऊन बसला, माझ्याकडे रुबार्बची वडी दोनदा मागून घेतली, नकाशा दाखवला, पडदा उभा आहे तिथे पहिली रांग, आणि जाताना प्रत्येकाला एकेक पेन दिलं. (चांगलं पेन आहे. हे पत्र त्यानेच लिहितेय.) माझी जनीन त्या दिवशी इथेच होती. तिचं आपलं एकच, तुला माहीत आहे. “आई, बाबांच्या शेडमध्ये चौदा गवत कापायची मशिनं आहेत. चौदा! चालतं एकही नाही. चार जुलैच्या आत शेड रिकामी कर, नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते.” मी म्हटलं, चालत नाहीत कशी, अकरावं चालतं, फक्त थांबत नाही. तिने टायवाल्याकडे बघून डोळे फिरवले. पोरगी माझी आहे, पण डोळे फिरवणं तुझ्याकडून आलंय.

मशिनांवरून आठवलं, ऑरिनचा पिकअप मी अजून चालवते. त्याचा हॉर्न तुला माहीत आहे का? मूळचा गेला तेव्हा ऑरिनने गुरं नेणाऱ्या ट्रकचा भोंगा काढून त्याला बसवला, मशीन नंबर सहाच्या तारा जोडून. एकदा दाबला की कधी सुटेल ते त्याच्या मनावर. म्हणून मी चर्चमध्ये हॉर्न वाजवत नाही, दिवे एकदा लुकलुकवते. पाद्री वेंडेल यांना वाटतं मी फार अंतर्मुख आहे. याच पिकअपमधून ऑरिन आणि मी एकावन्न वर्षं प्रत्येक निवडणुकीला गेलो. शाळेचा कारभारी निवडायचा असो की देशाचा, मी ज्याला मत देईन त्याच्या विरुद्ध तो देणार, हे ठरलेलं. जाताना भांडायचो, येताना आइस्क्रीम खायचो, आणि दोघांचं मिळून शून्य व्हायचं. मी एकदा विचारलं, मग जायचंच कशाला? तर म्हणाला, “मी घरी बसलो तर तू जिंकशील.”

बरं. मत घ्यायचं ठरलं एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, प्रवचन संपल्या संपल्या, गाड्यांतच, कारण बाहेर वारा असा होता की टोपी काढायची गरज नव्हती, ती आपण होऊन जात होती. एक घर, एक गाडी, एक मत. आर्डिथ पोल कारकुनीण आहे गावाची, ती चिलीची पळी हातात घेऊन छपरावर चढली. रीत तिनेच ठरवली, आणि बाई हुशार आहे, आपल्या हाताला आधीच असलेली सवय तिने वापरली. म्हणाली, “प्रस्ताव मैदान विकायचा आहे. पटला तर एक हॉर्न, म्हणजे आमेन. नाही पटला, काहीतरी बिघडलंय असं वाटलं, तर दोन. मी पळी दाखवीन त्यानेच वाजवायचं. आणि गस, कुत्र्याला मागच्या सीटवर टाक.” मग टायवाला बोलला, फार वेळ बोलला, आणि शेवटी “धन्यवाद” म्हणाला तेव्हा तीन-चार जणांनी सवयीने आमेन दिलं. आर्डिथ ओरडली की हे धरायचं नाही. मग डेल्मर बोलायला उभा राहिला. ताई, त्या माणसाला बोलता येत नाही. तो म्हणाला, “मला एवढंच म्हणायचंय, की...” आणि पुढे काही नाही. वारा तेवढा रेडिओवर ऐकू येत होता. मग त्याने माइक पाद्री वेंडेल यांच्या हातात दिला, नाक पुसलं आणि छपराच्या कडेला जाऊन पडद्याकडे बघत उभा राहिला.

पळी फिरायला लागली. पों. पों पों. पों. कोणी किती वाजवले हे बघायला प्रत्येक गाडीतून माना वळत होत्या. मी शेवटच्या रांगेत होते, कारण संडास तिथून जवळ आहे. (तुला सगळं खरंच सांगायचं ठरवलंय.) गसच्या गाडीतून तीन हॉर्न आले. आर्डिथने विचारलं, “गस, तिसरा कोणाचा?” गस म्हणाला, “बिस्किटचा. मी दोन दिलेत, त्याला विकायचंय.” “कुत्र्याचा हिस्सा आहे का मैदानात?” “माझ्यापेक्षा जास्त! प्रत्येक खांबावर सही आहे त्याची.” आर्डिथने दोन धरले. अशी एकेक रांग मागे येत गेली आणि माझ्यापर्यंत आली तेव्हा तीस गाड्या झाल्या होत्या, पंधरा विकायच्या बाजूच्या आणि पंधरा ठेवायच्या. एकतिसावी मी. आर्डिथने पळी माझ्याकडे केली. सगळं गाव मागे वळलं. डेल्मर मात्र वळला नाही.

मी हॉर्न दाबला.

आणि तो जो सुरू झाला, ताई, तो थांबेचना! पहिल्यांदा मला वाटलं मी हात काढला नाही, म्हणून मी दोन्ही हात वर केले, लुटारूंपुढे करतात तसे. पों चालूच. शेतापलीकडच्या गायी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या, गुरांचा ट्रक आला असं समजून. आपल्याकडे लांब हॉर्न म्हणजे आग लागलीय, हे तू विसरली नसशील. आगीच्या बंबावरचे सहा जण तिथेच गाड्यांत बसले होते. ते उड्या मारून निघाले, बंब काढला आणि घंटा वाजवत आग शोधायला गावाबाहेर गेले. (वीस मिनिटांनी परत आले. आग मिळाली नाही म्हणून जरा नाराज होते.) मी स्टिअरिंगच्या चाकाला चापट मारली, पिकअपला शिव्या दिल्या, ऑरिनला दिल्या. शेवटी डेल्मर छपरावरून उतरून धावत आला, पुढचं झाकण उघडलं, “वेल्डा, कुठली तार गं?” असं ओरडला, मी “सहा नंबरची!” असं ओरडले, ज्याचा त्याला काही उपयोग नव्हता. त्याने हाताला आली ती ओढली. बोटं भाजली. पण आवाज थांबला. अशी शांतता झाली की एक गाय शिंकली ती पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेली. डेल्मर चारी बोटं तोंडात घालून उभा होता, दुसऱ्या हाताने पहिला हात धरून. मी दोन्ही हात वर करून बसले होते. आणि तेव्हा, कोणाचाही हात कुठेही नसताना, पिकअप आपण होऊन म्हणाला, पों.

छोटासाच. खाकरल्यासारखा.

आर्डिथने पळी खाली घेतली आणि म्हणाली, “दोन.” टायवाला गाडीतून बाहेर आला. त्याचा टाय वाऱ्याने खांद्यावरून मागे गेला होता. म्हणाला हे मत नाही, हा मशीनचा बिघाड आहे! तर आर्डिथ छपरावरून शांतपणे म्हणाली, “साहेब, या मैदानात दोन हॉर्न मशीनच्या बिघाडासाठीच असतात.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “वेल्डा, दोन ना?” मी मान हलवली. आता हो म्हणून हलवली की वाऱ्याने हलली ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण गावाला ती हो दिसली, आणि मग जे हॉर्न वाजायला लागले ते सगळे दोन-दोन. ज्यांनी एक दिला होता तेही. डेल्मर माझ्या खिडकीशी आला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण बोटं तोंडात होती. बरं झालं, नाहीतर पुन्हा “मला एवढंच म्हणायचंय की” एवढ्यावर थांबला असता.

पुढचं थोडक्यात. चर्चने छताचा निधी नव्या मशीनला दिला, आकाशाची सवय झाली म्हणे. कमी पडले तिथे डेल्मरने मासे धरायची होडी विकली. परवाच्या शनिवारी पहिला खेळ झाला, डबीतला. नव्वद गाड्या! चित्र इतकं स्वच्छ की कोणाला दोन हॉर्न द्यायला जागाच नाही, शेवटी गसला राहवेना, त्याने उगाच दिले. आणि मी आता मेडोलार्क समितीची अध्यक्ष आहे. काम काही नाही, फक्त पहिल्या रांगेत पिकअप लावायचा आणि लोकांनी हात केला की हात करायचा. जनीनला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, “आई, मला तुझा अभिमान वाटतो. शेड?” तर असं आहे. सगळ्यांना सांग, सुनेलाही सांग (बोलत असलात तर). तुझे गुडघे लवकर बरे होवोत, आणि ॲरिझोनात एखादा तरी ढग येवो.

तुझी, गावाने डोक्यावर घेतलेली आणि म्हणून मान अवघडलेली,
वेल्डा

ता. क. – पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. तुला सगळं खरं सांगायचं ठरवलंय असं मी वर लिहिलंय, आणि ते वाचून मलाच लाज वाटली. तेव्हा हे वाच आणि पत्र चुलीत घाल. ताई, मी एकच दिला होता. एकच द्यायचा होता. टायवाल्याने नकाशावर सात नंबरची खोली माझ्या नावाने लिहून दिली होती, दाराशी उतार, मशिनं ढकलत नेता येतील अशी. मला मैदान नको होतं असं नाही. पण सिनेमे काय, दुसरेही लागतील. ऑरिनची चौदा मशिनं भंगारवाल्याने एकदा नेली की दुसरी येणार नाहीत. म्हणून मी डेल्मरच्या पाठीकडे न बघता एकदा दाबला आणि हात काढला. दुसरा माझा नव्हता. डेल्मरचाही नव्हता, त्याची बोटं तोंडात होती, मी स्वतः बघितलंय. दुसरा कोणाचा होता ते तुला कळलंच असेल. एकावन्न वर्षं माझं मत खोडणारा एकच माणूस होता. मेल्यावरसुद्धा घरी बसायला तयार नाही. येताना मी एकटीने आइस्क्रीम खाल्लं. दोघांचं.

ता. क. २ – फळ्यावरचं नाव उतरवायला सांगावं असं रोज मनात येतं. पण अक्षरं काढायला डेल्मरला शिडीवर चढावं लागेल आणि त्याचा हात अजून दुखतो, तेव्हा राहू दे.

ता. क. ३ – शेडचं सांगायचं राहिलं. तो पडदा आतून पोकळ आहे, तुला माहीत होतं? मला नव्हतं. मागे एक दार आहे, आत धान्याच्या कोठाराएवढी जागा. डेल्मर म्हणाला, “तू मैदान वाचवलंस, वेल्डा, तुला काही ठेवायचं असेल तर ही जागा तुझी.” मला एवढी शरम वाटली की मी तीन दिवस दालचिनीचे रोल घेतले नाहीत. चौथ्या दिवशी पहिलं मशीन नेलं. आता चौदाही आत आहेत, रांगेने. शेड रिकामी बघून जनीन रडली.

ता. क. ४ – आणि हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते आता लिहिते. परवा पहिल्या खेळाला मी पिकअप पुढे लावला, सगळ्यांना हात केला आणि हळूच पडद्याच्या आत जाऊन अकरा नंबरच्या मशीनच्या सीटवर बसले. आत काही दिसत नाही. फळ्यांच्या फटींतून उजेड येतो, हलतो, रंग बदलतो. आवाजही नाही, तो सगळा गाड्यांत. कथा काय होती, कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, काही कळलं नाही. इतका चांगला सिनेमा मी आजवर बघितला नाही. पण मशीनच्या सीटवर दोन तास बसणं माझ्या कंबरेला झेपत नाही, तेव्हा ऑरिनची तपकिरी खुर्ची मला परत दे. पाठवू नकोस, ट्रकवाले तिचा डावा हात मोडतील. तू घेऊन ये. आणि खुर्ची एकच आहे, म्हणून येताना तुला बसायला काहीतरी आण. फाटकाशी आलीस की हॉर्न एकदा दे, मी समजेन. दोनदा दिलास तर डेल्मर मशीनकडे धावेल. मी उत्तर देऊ शकणार नाही, माझी तार त्याने पुन्हा जोडलेली नाही. पण ऑरिनचं काही सांगता येत नाही.